ताईच्या डोक्यातला क्षार

ताईच्या गोळ्या मी बंद केल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगायची वेळ आली तेव्हा मी तीन दिवस मूग गिळून बसलो होतो.

माझा धंदा पाण्याचा क्षार काढायचा. जड पाण्याच्या भागात गरम पाण्याच्या टाक्या, बॉयलर, तांब्याच्या कॉइल आतून पांढऱ्या होत जातात. थरावर थर बसतो आणि अंगठा जाईल एवढ्या नळीत शेवटी काडी जाईल एवढंच भोक उरतं. मग हॉटेलवाले, लाँड्रीवाले मला बोलावतात. मी टाकीवर पाना दोनदा वाजवतो आणि नुसत्या आवाजावरून आत किती थर आहे ते सांगतो. लोक तोंडात बोट घालतात. तीस वर्षं लोकांनी अशी तोंडात बोटं घातली की माणूस शेफारतो. मी तर चांगलाच शेफारलो होतो. गाडी का बंद पडली, शेजाऱ्याच्या भिंतीला ओल का आली, कुणाचा गुडघा का दुखतोय, मला सगळ्याचं उत्तर यायचं आणि कुणी विचारायच्या आत यायचं.

हे काम मला शिकवलं ताईनं. वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि ती अठरा. तिनं शिक्षण सोडलं, वडिलांची हत्यारं उचलली आणि बाप्यांच्या नाकावर टिच्चून बॉयलरमध्ये उतरायला लागली. पुढं माझा हात बसला तशी ती हळूहळू मागं झाली. गिऱ्हाइकांशी बोलायचं, पैज मारायची, आवाज चढवायचा ते मी. कॉइल आम्लाच्या हौदात बुडवायच्या, बुडबुडे थांबले की बाहेर काढायच्या, पाणी तपासायचं ते तिनं. आमचं घर म्हणजे कारखान्यामागच्या दोन खोल्या. तिचं लग्न राहिलं माझ्यामुळे आणि माझं राहिलं माझ्या जिभेमुळे. छप्पन्न वर्षांच्या मला ती अजून ‘छोट्या’ म्हणते.

गेल्या वर्षभरात ताई मंदावली होती. चालताना पाय उचलायच्या ऐवजी सरकवायची. बोलणं सावकाश झालं होतं, वाक्याच्या शेवटाकडं आवाज विरून जायचा. पेला हातातून सुटायचा. कधी कधी ओठांभोवती बोटं फिरवत बसायची. विचारलं की म्हणायची, ‘‘काही नाही रे, मुंग्या आल्यासारखं होतं.’’ माझ्या मते हे सगळं आळसाचं आणि वयाचं होतं, आणि तसं मी तिला ऐकवत होतो.

पाणी तपासायची आमची पद्धत सोपी आहे. नमुन्यात रंगाची चिमूट टाकली की पाणी तांबडं होतं. मग बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडायचं. पाणी निळं झालं की थांबायचं. जितके थेंब लागले तितकं पाणी जड. ताईचा थेंब कधी चुकला नव्हता. त्या दिवशी लाँड्रीचा मालक समोर उभा होता आणि ताईच्या हातून तीन थेंब एकदम पडले. तिनं पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तेच. बोटं दाबली की सैल सुटतच नव्हती.

‘‘अगं, थेंब मोजतेस की धार धरतेस?’’ मी म्हणालो. लाँड्रीवाला हसला, म्हणून मी आणखी चढलो. ‘‘हिला आता निवृत्त करायला पाहिजे. हिच्या भरवशावर राहिलो तर तुमच्या चादरी दगडासारख्या निघतील.’’

ताईपण हसली. बाटली माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, ‘‘तूच बघ बाबा.’’ मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता ते हसणं आठवलं की जेवणावरून उठावंसं वाटतं.

त्याच आठवड्यात हौदाजवळ तिला फिट आली. नशीब, आम्लात पडली नाही, बाजूच्या रबरी चटईवर पडली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी फिटवरची गोळी दिली, डोक्याचा स्कॅन लिहून दिला आणि मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली. वेळ मिळाली अकरा दिवसांनंतरची.

स्कॅनच्या केंद्रात मी यंत्र चालवणाऱ्या माणसाला चहाचं आमिष दाखवून पडद्यासमोर बसलो. करड्या रंगाचा मेंदू, आणि मधोमध डावी-उजवीकडं दोन पांढरे ठसठशीत डाग, एका मापाचे. खाली मागच्या बाजूला आणखी थोडी पांढरी भुकटी सांडल्यासारखी.

‘‘हे काय?’’

‘‘कॅल्शियम साचलंय,’’ तो म्हणाला. ‘‘कारणं बरीच असतात. डॉक्टर सांगतील.’’

मला कारणं ऐकायची गरजच वाटली नाही. कॅल्शियम म्हणजे काय ते मला कुणी शिकवायचं? अहो, मी जन्मभर तेच खरवडत आलोय. हे आपलंच गिऱ्हाईक, फक्त टाकीच्या ऐवजी डोक्यात बसलेलं. आणि आमच्या धंद्यातलं पहिलं कलम असं की थर काढायच्या आधी येणारा क्षार बंद करा. नाहीतर इकडं खरवडताय आणि तिकडं नवा बसतोय.

घरी आलो आणि कामाला लागलो. दूध बंद. दही बंद. नळाचं पाणी बंद. तिच्यासाठी क्षार काढलेलं, बॅटरीत घालतात तसलं पाणी कॅनमधून आणलं. मग ताईच्या औषधांचा डबा उघडला. चौदा वर्षांपूर्वी तिच्या मानेतली गाठ आलेली थायरॉइडची ग्रंथी काढली होती. त्या वेळी मी दूरच्या एका हॉटेलच्या बॉयलरमध्ये डोकं घालून बसलो होतो. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं एकटीनं ऐकलं आणि गोळ्या घेऊन घरी आली. एक बारीक गोळी ग्रंथीच्या बदल्यात, आणि त्या जाड पांढऱ्या खडूसारख्या कॅल्शियमच्या. बायका उतारवयात हाडांसाठी घेतात तसल्या असतील, एवढीच माझी समजूत. बारीक गोळी मी राहू दिली. कॅल्शियमच्या सगळ्या पट्ट्या काढून खिशात घातल्या.

‘‘सगळ्याच बंद?’’ तिनं विचारलं.

‘‘सगळ्याच. डोक्यात चुना साठलाय तुझ्या आणि तू वरून आणखी घालतेयस. डॉक्टर हेच सांगणार आहेत, फक्त अकरा दिवसांनी सांगणार आहेत.’’

तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं. मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याला ही सगळी हकीकत मिटक्या मारत सांगितली. तो म्हणाला, ‘‘तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं.’’ आणि खोटं कशाला सांगू, मलापण तसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताईच्या मुंग्या वाढल्या. पाचव्या दिवशी तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि हात विचित्र आखडायला लागले, अंगठा तळव्याकडं आणि बोटं एकमेकांना चिकटून टोकदार. मी ती बोटं चोळून सरळ करायचो आणि ती पुन्हा वळायची. ‘‘छोट्या, गोळी घेऊन बघू का एक?’’ असं तिनं एकदा, एकदाच विचारलं. मी म्हणालो, ‘‘थर सुटताना त्रास व्हायचाच. टाकीसुद्धा आवाज करते.’’ हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

आठव्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तिचा घसा आवळला. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डोळे मोठे झाले आणि ती माझ्याकडं बघत राहिली, काहीतरी कर म्हणून. लाँड्रीची गाडी दाराशी उभी होती, तिच्यात चादरींच्या गाठोड्यांवर तिला घालून रुग्णालयात नेलं.

तिथं डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं मोजकं. ताईच्या मानेवरची जुनी ऑपरेशनची खूण त्यांनी बोटानं बघितली. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून फुगवला आणि तसाच ठेवला. दोन मिनिटं झाली असतील नसतील, ताईचा हात माझ्या डोळ्यांदेखत वळला. तोच अंगठा आत, तीच टोकदार बोटं. बाईंनी नर्सकडं नुसतं बघितलं. नर्सनं शिरेत सुई घातली आणि एक औषध अगदी सावकाश सोडायला लागली.

‘‘हे काय देताय?’’ मी विचारलं.

‘‘कॅल्शियम,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अहो, तिच्या डोक्यात तर...’’

‘‘डोक्यात आहे. रक्तात नाही.’’ त्या ताईकडं वळल्या. ‘‘गोळ्या घेत होतात ना तुम्ही, कॅल्शियमच्या? ऑपरेशननंतर दिलेल्या?’’

ताईचा श्वास तोवर जरा मोकळा झाला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिशात हात घातला. पट्ट्या अजून तिथंच होत्या, बोटांना लागल्या.

‘‘विसरले मी,’’ ताई म्हणाली. ‘‘आठ-दहा दिवस झाले. हल्ली राहत नाही लक्षात.’’

‘‘त्याआधी घेत होतात?’’

‘‘हो.’’

खोली थंड होती आणि मला दरदरून घाम आला होता. बाईंनी ‘विसरतात’ असं कागदावर लिहिलं, ते मी उलट्या बाजूनंसुद्धा वाचलं. आता सांगू, मग सांगू, ताईला जरा बरं वाटू दे मग सांगू, असं करत मी सकाळ घालवली, आणि दुपारी मला वाटलं की आता सांगितलं तर सकाळी का नाही सांगितलं असं विचारतील.

ताईला भरती केलं. संध्याकाळी बाईंनी मला बोलावून खुर्ची दिली. म्हणाल्या, ‘‘मानेच्या त्या ग्रंथीच्या मागं आणखी चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना इजा झाली तर कॅल्शियम जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. पण एक गोष्ट बसत नाही. चौदा वर्षं गोळ्या नीट घेतल्या असतील तर डोक्यात इतका साठा सहसा दिसत नाही. म्हणजे आणखी काही कारण आहे का ते शोधायला हवं.’’

‘‘आणखी काय असू शकतं?’’

खरं तर हे विचारताना मला आशा वाटत होती. दुसरं काहीही निघू दे, असं मी मनात म्हणत होतो. बाईंनी विचारायला सुरुवात केली. अर्धंकच्चं मांस खाता का? त्यातून किडीची अंडी मेंदूत जाऊन बसतात आणि मेली की त्यांचे खडे होतात. लहानपणी मेंदूला सूज आली होती का? कधी डोक्याला किरणांचे उपचार? जन्माच्या वेळी काही? कामाच्या जागी शिसं वापरता का, झाळकामात? बंद खोलीत बर्नरचा धूर?

शिसं म्हटल्यावर मी जवळजवळ उडालो. ‘‘वापरायचो. वीस वर्षांपूर्वीपर्यंत वापरायचो. आणि बर्नर तर रोजचाच.’’ कुठला आरोपी इतक्या उत्साहानं गुन्हा कबूल करत नसेल. शिसं म्हणजे धंद्याचा दोष, वडिलांचा दोष, कुणाचाच नाही असा दोष. त्याच्याआड मला नीट लपता येत होतं.

‘‘घराण्यात कुणाला?’’ बाईंनी विचारलं. ‘‘काही घरांत हे रक्तातूनच येतं. भावंडांनाही असतं, त्रास नसला तरी दिसतं. तुमचाही स्कॅन करून घेऊ.’’

दुसऱ्या दिवशी मी त्या यंत्रात आडवा झालो आणि डोळे मिटून मागितलं की माझ्याही डोक्यात डाग निघू देत. चांगले मोठे निघू देत. माणूस काय काय मागतो! डाग निघाले असते तर ते आईबापांकडून आले असं ठरलं असतं आणि मी सुटलो असतो. पण माझं डोकं अगदी स्वच्छ निघालं. कुठं ठिपकासुद्धा नाही. स्कॅनचा माणूस म्हणाला, ‘‘पार्टी द्या, एकदम नॉर्मल आहात.’’ मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ताईच्या रक्तात शिसं नव्हतं. कीड नव्हती. मग सूज वगैरे काही आहे का ते बघायला तिच्या पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढायचं ठरलं. तिला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. तिचे पाय आखडलेले, गुडघे दुमडेनात, दोन नर्सनी धरून दुमडले. मी तिच्या तोंडाकडच्या बाजूला उभा होतो. तिनं माझा हात धरला होता.

ही सुई कशाला टोचतायत ते मला ठाऊक होतं. घरातले आम्ही दोघं खोटं बोलतोय म्हणून टोचतायत, एवढं मला कळत होतं. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित थांबले असते. सुई आत गेली तेव्हा तिनं माझी बोटं आवळली आणि माझी बोटं तिनं आवळली म्हणून मलाच वाईट वाटलं. असला मी. त्या पाण्यातही काही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी ताईचे हात मोकळे झाले होते. मुंग्या गेल्या होत्या. बाई आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि तिला काही प्रश्न विचारले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा. ताई सावकाश उत्तरं देत होती, पण चुकत नव्हती. दोनदा थांबली. बाई म्हणाल्या, ‘‘बुद्धी चांगली आहे. पण जन्मभराच्या गोळ्या सलग आठ-दहा दिवस विसरणं ही साधी गोष्ट नाही. मेंदूत इतकं साचल्यावर असा विसर पडू शकतो. आम्लाच्या हौदाजवळ ह्यांनी आता अजिबात जायचं नाही. स्वयंपाकाला गॅसजवळ नाही. एकटीनं बाहेर नाही. आणि औषधं ह्यांच्या हातात द्यायची नाहीत.’’

ताई मान डोलवत होती. सगळ्याला हो म्हणत होती. अठराव्या वर्षापासून ज्या बाईनं पेटत्या बॉयलरखाली हात घातला, तिला गॅसजवळ जायची बंदी होत होती आणि ती गपगुमान हो म्हणत होती.

मग बाई माझ्याकडं वळल्या. ‘‘गोळ्या तुम्ही तुमच्या हातानं द्यायच्या. रोज चार, शिवाय ही एक नवी. तुमच्यावर सोडतेय मी.’’

आणि त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्या हातात ठेवला.

ते मला सहन झालं नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला फक्त तो डबा हातात धरवेना. मी तो पलंगावर ठेवला, खिशातल्या पट्ट्या काढल्या आणि त्याच्या शेजारी मांडल्या.

‘‘ती विसरली नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी बंद केल्या. तिनं मागितल्या तरी दिल्या नाहीत. मला वाटलं डोक्यात क्षार साचलाय, तर क्षार तोडायला हवा. आमच्या कामात तसंच असतं.’’

ताई म्हणाली, ‘‘छोट्या, जाऊ दे ना.’’

बाईंनी त्या पट्ट्या उचलून एकेक उलटी करून बघितली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘‘पाठीत सुई टोचली मी त्यांच्या,’’ एवढंच म्हणाल्या. ‘‘तुम्ही तिथं उभे होतात.’’

‘‘हो.’’

‘‘तुमच्या टाकीत पाण्यातला क्षार जास्त झाला की थर बसतो. इथं उलटं आहे. त्या बारक्या ग्रंथी नसल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, फॉस्फरस चढतो, आणि आहे तेवढं कॅल्शियम त्याच्याबरोबर नको तिथं जाऊन बसतं. ह्यांच्या डोक्यात साचलं ते कमी पडल्यामुळे साचलं. आणि तुम्ही होतं तेवढंही काढून घेतलंत. आणखी एक तास उशीर केला असता तर घसा मिटला असता.’’

मी मान खाली घालून उभा होतो. शेजारच्या पलंगावरची म्हातारी कान टवकारून ऐकत होती. ऐकू दे, म्हटलं.

‘‘पण एवढे डाग आठ दिवसांत होत नाहीत,’’ बाई पुढं म्हणाल्या. ‘‘त्याला वर्षं लागतात.’’

हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हो, उतरलं. काय लपवायचं आता? आठ दिवसांचा गुन्हा माझा, तो मी कबूल केला होता. डाग माझे नव्हते. मी मान वर केली. त्या क्षणी मी चक्क सुटलो होतो.

बाई ताईजवळ सरकल्या. ‘‘भावाला वाचवायला एकदा खोटं बोललात. मी रागावत नाही. पण आता खरं सांगा, नाहीतर मी अजून कारणं शोधत बसेन आणि अजून सुया टोचेन. ह्याआधी रोज चार घेत होतात?’’

ताई चादरीची कड बोटांनी सपाट करत राहिली.

‘‘एक,’’ ती म्हणाली.

‘‘एकच? कधीपासून?’’

‘‘झाली असतील नऊ वर्षं.’’

‘‘मुंग्या येत नव्हत्या? गोळे?’’

‘‘यायचे. सवय झाली.’’

‘‘कुणी सांगितलं तुम्हाला एक घ्यायला?’’

ताईनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं मुद्दाम बघितलं नाही, ते मला कळलं.

‘‘सांगितलं असं नाही कुणी,’’ ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द गोळा करत. ‘‘हा एकदा जेवायला आला होता. हातात कापलेली नळी होती, आतून पूर्ण बुजलेली. मी गोळ्या घेत होते. तर मला ती नळी दाखवून म्हणाला, खा खडू, खा. चार चार खातेस रोज, एक दिवस तुझ्या नळ्यापण अशा होतील, मग मला बोलावू नकोस. हसत होता. गंमतच करत होता तो. पण मी ती नळी बघितली आणि घाबरले. म्हटलं, डॉक्टरांचा मान राखायला एक घ्यावी. ह्याला त्यातलं कळतं ना.’’

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला, तिथं उभं राहून केला आणि अजूनही करतो. कुठली नळी, कुठला दिवस, काही नाही. असली वाक्यं मी दिवसाला दहा टाकायचो. कुणी हसलं की दुसरं टाकायचो. ताईनं मात्र ते वाक्य नऊ वर्षं रोज जेवणानंतर पाळलं.

बाईंनी टेबलावरून तो पहिल्या दिवशीचा कागद घेतला, शिसं, कीड अशी कारणं मांडलेला. बाकी सगळं आधीच खोडलं होतं. राहिलेल्या, मानेतल्या बारक्या ग्रंथींच्या ओळीपुढं त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ‘विसरतात’ वर रेघ मारली. मी विचारलं, हे डाग जातील का? त्या म्हणाल्या, ‘‘साचलेलं साचलेलंच राहतं. ते खरवडता येत नाही. रक्त नीट राहिलं तर फिट थांबतील, हात-पाय थोडे सुटतील. थोडे.’’ आणि पुढच्या रुग्णाकडं गेल्या.

मी स्टुलावर बसलो. ‘ताई, माझं चुकलं’ म्हणालो. लहानपणी काच फोडल्यावर म्हणायचो तसं ते ऐकू आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. ती म्हणाली, ‘‘तू कुठं मुद्दाम केलंस?’’ तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पाया पडलो असतो.

मग नर्सबाई जेवण ठेवून गेल्या. ताईनं थोडं खाल्लं. डबा उघडला, चार पांढऱ्या गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याचा पेला उचलला. पेला तोंडाशी नेता नेता थांबली.

‘‘छोट्या,’’ तिनं विचारलं, ‘‘घेऊ ना रे चारही?’’

डॉक्टरांनी तिच्या समोर सांगितलं होतं. कागदावर लिहिलं होतं. तरी ती मला विचारत होती, आणि मी हो म्हणेपर्यंत ती घेणार नव्हती.

मी उठलो, बाहेर जाऊन नर्सबाईंना बोलावून आणलं आणि त्यांना म्हणालो, ‘‘तुम्ही सांगा तिला.’’